फातिमाची तीन मुले आणि लुसियाची आई

वसईच्या ख्रिस्ती घरांत फातिमा मातेची, म्हणजे पवित्र मरियेची, तसबीर आणि तिच्यासमोर गुडघे टेकून बसलेली तीन मुले लहानपणापासून पाहण्यात असतात. मुलांची नावे पाठ असतात, तेरा तारखेचे महत्त्व ठाऊक असते. पण ही मुले कोणत्या घरातली होती आणि त्यांनी पाहिले ते घरी सांगितल्यावर पुढे काय झाले, हे सहसा कोणी सांगत नाही. वॉर्नर ब्रदर्सचा १९५२ सालचा ‘द मिरॅकल ऑफ अवर लेडी ऑफ फातिमा’ हा इंग्रजी चित्रपट जपमाळेच्या महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात, आईसोबत डीव्हीडीवर पुन्हा पाहिला, तेव्हा त्याचे खरे बळ याच न सांगितलेल्या भागात आहे असे मनोमन पटले.

घटना पोर्तुगालमधली आहे. १३ मे १९१७ रोजी फातिमा गावाजवळच्या कोव्हा द इरिया या माळावर मेंढ्या चारताना दहा वर्षांची लुसिया आणि तिची आतेभावंडे फ्रान्सिस्को व जसिंता यांना ओकच्या जातीच्या एका लहानशा झाडावर तेजाने वेढलेली एक स्त्री दिसली. सहा महिने, दर महिन्याच्या तेरा तारखेला येथे येत जा, असे तिने मुलांना सांगितले. फ्रान्सिस्कोला ती दिसत होती पण तिचे बोलणे ऐकू येत नव्हते, जसिंता पाहत आणि ऐकत होती, आणि तिच्याशी बोलत होती ती एकटी लुसिया. पुढच्या साऱ्या चौकशांचा भार त्यामुळे या थोरल्या मुलीवर पडला. सुसन व्हिटनीने हा भार फार समजुतीने पेलला आहे. तिची लुसिया पुण्यवान दिसण्याचा प्रयत्न करत नाही. विचारले की उत्तर देते, आणि उत्तरावर विश्वास बसत नाही हे कळले की गप्प होते.

या चित्रपटातली सर्वांत मोलाची भूमिका मात्र अँजेला क्लार्क यांनी केलेल्या मारिया रोझाची, म्हणजे लुसियाच्या आईची आहे. ही बाई स्वतः श्रद्धाळू आहे आणि नेमकी त्याच कारणाने लेकीवर विश्वास ठेवायला तयार नाही. पवित्र मरिया आपल्यासारख्यांच्या पोरीला दिसेल हेच तिला उद्दाम वाटते. मुलगी देवाच्या नावाने खोटे बोलते आहे आणि या पापाची जबाबदार आपण आहोत, ही भीती तिला आतून पोखरत असते. शिवाय कोव्हा द इरियाची जमीन लुसियाच्याच घरची होती आणि लोकांची रीघ लागल्यावर तिथले पीक पायदळी गेले, हे ध्यानात ठेवून पाहिले तर तिचा संताप आणखी समजतो. चमत्काराच्या चित्रपटात अविश्वास दाखवणारे पात्र बहुधा दुष्ट असते. इथे ते घरातच आहे, लेकीच्या भल्यासाठीच तिला दटावणारे आहे, म्हणून मुलीची कोंडी थेट काळजाला भिडते. माझ्या आईने मांडीवरची माळ बाजूला ठेवली आणि म्हणाली, “मी तरी काय वेगळं केलं असतं?”

घराबाहेरचा विरोध रंगवताना मात्र चित्रपटाचा हात सैल सुटतो. १३ ऑगस्टला मुले कोव्हा द इरियाला पोहोचू शकली नाहीत, कारण तालुक्याच्या प्रशासकाने त्यांना ताब्यात घेतले होते. तुरुंगात ठेवणे, एकेकाला वेगळे नेऊन उकळत्या तेलाची धमकी देणे, हे सारे मुलांच्या हकिगतीत येते. तो प्रसंग दिग्दर्शक जॉन ब्राम यांनी चांगला साधला आहे. अंधाऱ्या रहस्यपटांत मुरलेला हा दिग्दर्शक मुलांच्या चेहऱ्यांवर भीती आणायला फार साधने वापरत नाही. तक्रार आहे ती त्यामागच्या राजकारणाच्या मांडणीची. चित्रपट १९१० च्या लिस्बनमधल्या क्रांतीपासून सुरू होतो आणि नवे प्रजासत्ताक म्हणजे केवळ धर्माच्या मुळावर उठलेली टोळी, असे चित्र पहिल्या काही मिनिटांतच पक्के करतो. धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांचा त्या काळात छळ झाला, हे खरे आहे आणि ते दाखवायलाच हवे होते. पण त्याच प्रजासत्ताकाने गोव्यातल्या हिंदूंना कायद्यापुढे बरोबरीचे स्थान दिले, सरकारी नोकरीची दारे उघडली आणि तिथल्या मराठी शाळांना व वाचनालयांना नवे बळ मिळाले, हे आपल्याकडचा वाचक विसरू शकत नाही. हॉलिवूडच्या चित्रपटात गोवा यावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मात्र ज्या राजवटीला दोन बाजू होत्या तिला एकच चेहरा दिल्याने प्रशासकाचे पात्रही फ्रँक सिल्व्हेरांसारखा कसलेला नट असूनही पुठ्ठ्याचे होऊन बसते. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकेत घडलेली ही कलाकृती आहे, आणि रशियाचे मन पालटावे म्हणून प्रार्थना करा, हा त्या तेजस्वी स्त्रीचा संदेश चित्रपटाने इतक्या जोराने का उचलला हेही त्यातून समजते.

गिल्बर्ट रोलंड यांनी केलेला ह्यूगो हा देव न मानणारा, मिठ्ठास वाणीचा लफंगा संपूर्णपणे काल्पनिक आहे. फातिमाच्या इतिहासात असा कोणी नव्हता, आणि ज्यांना नोंदींशी प्रामाणिक चित्रण हवे आहे त्यांना तो खटकेल. मला तो आवडला. मुलांशी बरोबरीच्या नात्याने बोलणारा गावातला हा एकमेव मोठा माणूस आहे. तो त्यांचे म्हणणे मानत नाही, तरी त्यांना खोटेही ठरवत नाही.

दर्शन पडद्यावर प्रत्यक्ष दाखवावे की नाही, हा अशा चित्रपटांचा कायमचा प्रश्न आहे. इथे ते दाखवले आहे, आणि माझ्या मते तिथेच रस थोडा उणावतो, कारण आकृती दिसली की आपण तिची वस्त्रे आणि प्रकाशयोजना पाहू लागतो. मुलांचे चेहरे अधिक सांगून जातात. १३ ऑक्टोबरचा प्रसंग मात्र भव्य आहे आणि त्याची भव्यता उसनी नाही. त्या दिवशी मुसळधार पावसात हजारो लोक चिखलात उभे होते, मग ढग फाटले आणि सूर्य गरगर फिरत खाली कोसळतो आहे असे अनेकांना दिसले. लिस्बनच्या ‘ओ सेक्युलो’ या धर्मसत्तेचे कौतुक न करणाऱ्या वृत्तपत्राच्या प्रतिनिधीने, आव्हेलिनो द आल्मेदा यांनी, तिथे हजर राहून ते वर्णन छापले. चित्रपटात हा प्रसंग घाई न करता उभा राहतो. आधी निथळणारी गर्दी येते, मुले खोटी ठरली तर हा जमाव काय करील ही धास्ती येते, आणि मग प्रकाश. मॅक्स स्टायनर यांचे संगीत, ज्याला ऑस्करचे नामांकन मिळाले होते, अन्यत्र कधी कधी फार सांगू पाहते. या ठिकाणी ते दृश्याच्या बरोबरीने चढत जाते.

१०२ मिनिटांचा हा चित्रपट कुटुंबाने एकत्र पाहावा असा आहे, फक्त अगदी लहान मुले असतील तर तुरुंगाच्या प्रसंगी जवळ बसावे. इंग्रजी सोपे आहे, आणि कथा ठाऊक असलेल्या वडीलधाऱ्यांना ते अडत नाही. २०२० साली याच विषयावर आलेल्या नव्या चित्रपटात प्रशासक माणसासारखा दिसतो आणि घटनाही नोंदींच्या अधिक जवळ राहतात. तरी लुसियाच्या घरातले ताण पाहण्यासाठी मी जुन्याकडेच परत जाईन.

शेवटी कथा एकदम १९५१ मध्ये येते आणि लुसिया प्रौढ धर्मभगिनीच्या वेषात दिसते. धाकट्या दोघांच्या आजारपणावर चित्रपट रेंगाळत नाही. साथीच्या तापाने फ्रान्सिस्को एप्रिल १९१९ मध्ये गेला आणि जसिंता फेब्रुवारी १९२० मध्ये. नावे सरकू लागली तेव्हा आईने विचारले, “धाकटीला किती वर्षं मिळाली गं?” दहाही पूर्ण झाली नव्हती, असे मी सांगितले. तिने माळ पुन्हा हातात घेतली आणि आवाज बंद करायला खुणावले.