सोमवारची ‘आपली आवड’ : साडेआठ महिने वापरून झाल्यावर

लोकलमध्ये दर सोमवारी एकमेकींना एक गाणं द्यायचं, हे जूनच्या दुसऱ्या सोमवारी सुरू केलं, आता फेब्रुवारी संपत आला. म्हणजे अडतीस सोमवार. त्यातले एकतीस गाण्याचे गेले. एका सोमवारी पावसाने गाड्याच बंद होत्या, दोन दिवाळीत गेले आणि चार निव्वळ आळसात. एवढा वापर झाल्यावर अनुभव लिहायला हरकत नाही.

वस्तू साधी आहे. दर सोमवारी सकाळी गाडीतल्या मैत्रिणींपैकी एकीने आपल्या आवडीचं एक गाणं बाकीच्यांना द्यायचं. पाळी ठरलेली. खर्च शून्य, म्हणजे दोनशे रुपयांचा वायरवाला इअरफोन सोडून. त्याच्याबद्दल पुढे लिहिते, कारण या सगळ्यात सगळ्यात उपयोगी वस्तू तीच निघाली.

आम्ही पाच जणी. ठाण्याहून सकाळची पनवेल, लेडीज सेकंड क्लास. वर्षानुवर्षं एकत्र प्रवास करूनही एकमेकींची आडनावं माहीत नसतात, हे ट्रान्सहार्बरवाल्यांना, म्हणजे ठाणे-नवी मुंबई लाईनवाल्यांना, सांगायला नको. नावं पडतात ती उतरायच्या स्टेशनावरून: रबाळे, नेरूळ, जुईनगर काकू आणि मी कोपरखैरणे (तिथून पुढे महाप्याला शेअर रिक्षा). फक्त दिघा तेवढी चढायच्या स्टेशनावरून, कारण दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं आणि ऐरोलीपर्यंतची तिची रिक्षा सुटली, त्या आनंदात तिनेच ते नाव लावून घेतलं. काकू सगळ्यांत जुन्या. नोव्हेंबर २००४ मध्ये ही लाईन सुरू झाली तेव्हापासूनच्या. त्याआधी ठाण्याहून वाशीकडे जायचं तर बस, नाहीतर कुर्ल्याला गाडी बदलून वळसा. ते सांगताना त्या अजून दमतात.

ग्रुपचं नावही काकूंचंच. शाळेत असताना त्या आकाशवाणीच्या ‘आपली आवड’ या फर्माईशी गाण्यांच्या कार्यक्रमाला पोस्टकार्डं टाकायच्या. टाकायचं, आणि मग महिनाभर रेडिओपासून हलायचं नाही. त्यांचं नाव एकदाच वाचलं गेलं, तेही आडनाव चुकवून. व्हॉट्सॲप ग्रुप काढला तेव्हा नाव काय द्यायचं हा प्रश्नच आला नाही.

आता वापराबद्दल. पहिले दोन महिने सगळे चुकीच्या पद्धतीने वापरत होतो.

पहिल्या सोमवारी मी माझ्या ॲपवरून लिंक टाकली. पाच जणींकडे चार वेगवेगळी ॲप. रबाळेने लिंक उघडली तर ‘आधी हे ॲप घ्या’. नेरूळकडे ॲप होतं पण फुकटवालं, त्यात मी दिलेल्या गाण्याऐवजी तिसरंच काहीतरी वाजलं आणि ते तिला इतकं आवडलं की ती दोन दिवस माझे आभार मानत होती. मी काही बोलले नाही. काकूंच्या फोनवर लिंक उघडली ती थेट जाहिरातीवर, आणि जाहिरात संपायच्या आत घणसोली आलं.

मग सामायिक प्लेलिस्ट करून बघितली. कल्पना चांगली वाटते: सगळ्यांनी एकाच ठिकाणी गाणी टाकायची. चौथ्या दिवशी त्यात बेचाळीस गाणी होती. कोणाच्या तरी मुलाने फोन घेऊन वाढदिवसाची आणि माकडाची गाणी भरली होती. शिवाय बेचाळीस गाणी म्हणजे कोणाचंच गाणं नाही; चालू करायचं, अर्ध्यावर पुढे ढकलायचं. काकू म्हणाल्या, ‘अगं, गीतरामायण रेडिओवर दर शुक्रवारी एकच यायचं. आमची आई सांगायची, आठवडाभर बायका तेच गुणगुणायच्या. सगळं एकदम टाकलं असतं तर कोणी लक्षात ठेवलं असतं?’ घरी जाऊन बघितलं, खरंच आहे. १ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार. पुणे आकाशवाणीवरून सुरुवात झाली आणि त्यापुढे दर आठवड्याला एक अशी ५६ गीतं. तसाच बुधवार रेडिओवरच्या बिनाका गीतमालेचा, तो तर काकूंनी स्वतः ऐकलेला. प्लेलिस्ट त्याच दिवशी उडवली.

ऑडिओ फाइल पाठवण्याचा प्रकार एकदाच झाला. फॉरवर्ड होत होत आलेली ती फाइल पत्र्याच्या डब्यात गायल्यासारखी वाजत होती. आणि कोणाच्या हक्काची वगैरे तेही आहेच. नको.

शेवटी जे टिकलं ते सगळ्यात मागासलेलं. लिंक नाहीच. गाण्याचं नाव लिहायचं, कोणी गायलंय ते लिहायचं, आणि दोन ओळी: हे का दिलं. ज्या त्या बाईने आपापल्या ॲपवर शोधून घ्यायचं. शोधताना तिला मूळ गाण्याच्या आधी सात रीमिक्स आणि एक ‘लो-फाय’ सापडतं, ही त्यातली कटकट. पण शोधून ऐकलेलं गाणं ऐकलं जातं, दिलेली लिंक ‘नंतर बघू’मध्ये जाते. आमच्याकडे तरी असंच झालं.

त्या दोन ओळींवरच सगळं चालतं. नेरूळने एकदा नुसतं एक हिंदी गाणं दिलं आणि खाली लिहिलं: ‘नवऱ्याशी भांडण झालं की मी भांडी घासताना हे म्हणते, त्याला वाटतं मी आनंदात आहे.’ गाणं मला मुळीच आवडलं नाही. तरी बारा वेळा ऐकलं असेल.

श्रेयाच्या नावांची एक तक्रार मात्र राहीलच. ॲपवर मराठी गाण्याच्या खाली बऱ्याचदा एकाच गायकाचं नाव असतं, कवी आणि संगीतकार बेपत्ता. ऑगस्टमध्ये मी ‘शुक्रतारा’ दिलं. ॲपवर दिसत होते एकटे अरुण दाते. नेरूळ म्हणाली, बाईचा आवाज सुमन कल्याणपूर यांचा. पैज लागली, वडापावाची. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर बघितलं: गीत मंगेश पाडगांवकर, संगीत श्रीनिवास खळे, स्वर अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. वडापाव मिळाला, पण नेरूळचं समाधान आजही झालेलं नाही. तेव्हापासून नियम केला की गीत, संगीत, स्वर तिन्ही लिहायचं. रेडिओवर निवेदक सांगायचे तसं.

आता तो इअरफोन.

गाडीत मोठ्याने गाणं लावायचं नाही हे आमचं पहिल्या दिवसापासून ठरलेलं. समोरच्या बाईला रात्रपाळीची झोप काढायची असते. म्हणून एक इअरफोन, दोघी, एकेक कान. ब्लूटूथवाली बोंडं रबाळेकडे होती. त्यातलं एक सप्टेंबरमध्ये ठाण्याला चढताना गाडी आणि फलाटामधल्या फटीत गेलं, ते अजून तिथेच असावं. वायरवाला पडला तरी गळ्यात राहतो.

तर एका कानाने ऐकताना असं लक्षात आलं की काकूंची गाणी पूर्ण ऐकू येतात आणि रबाळेची अर्धी. आधी वाटलं इअरफोन बिघडला. मग उलगडा झाला. जुनी ध्वनिमुद्रणं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत अगदी तेच. नवीन गाणी स्टिरिओ, डाव्यात एक आणि उजव्यात दुसरं. त्यामुळे रबाळेच्या गाण्यात तिला गिटार मिळायची आणि मला टाळ्या. उपाय फोनमध्येच आहे: सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून भाग असतो, तिथे ‘मोनो ऑडिओ’ चालू करायचं. मुळात एका कानाने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी केलेली ही सोय आहे. दोघींत एक इअरफोन वापरणाऱ्यांनी ती जरूर करावी. या अख्ख्या लेखातली खात्रीने उपयोगी पडेल अशी गोष्ट हीच.

डेटाची काळजी काकूंना होती. १२८ केबीपीएसचं चार मिनिटांचं गाणं म्हणजे जेमतेम चार एमबी. व्हिडिओ लावला की मात्र हिशेब बिघडतो, तो बंद ठेवायचा.

दु:खी गाणी सोमवारी द्यावीत का यावर आमच्यात दोन तट आहेत. नोव्हेंबरात रबाळेचं लग्न ठरलं आणि त्याच सोमवारी काकूंनी ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ दिलं. पी. सावळाराम यांची शब्दरचना, वसंत प्रभू यांचं संगीत, लताबाईंचा आवाज. दोन ओळींत काकूंनी लिहिलं की हे लिहिणारे आपल्या ठाण्याचे नगराध्यक्ष होते. मला हे माहीतच नव्हतं. नगराध्यक्ष म्हटलं की गटार, पाणी, रस्ते डोळ्यांसमोर येतात, मुलीची पाठवणी नाही. गाडीत नेरूळ रडली, मी रडले, शेजारची अनोळखी बाई नुसतं आम्हाला बघून रडली. नवरी मात्र एका कानात ते ऐकून म्हणाली, ‘छान आहे हो काकू, पण फार स्लो आहे.’ आनंदी गाणंच द्यायचं असा नियम करायचं त्या दिवशी ठरलं. तो पाळला गेला नाही, आणि बरं झालं. उड्या मारायला लावणारी गाणी दुसऱ्या दिवशी आठवत नव्हती.

आणि दिघाचं गाणं. ती आगरी. जानेवारीत तिच्या चुलतभावाच्या हळदीला डीजे होता, ती गाणी तिने आधीच्या सोमवारी दिलेली होतीच, त्यावर जुईनगरपर्यंत सगळा डबा हलला असं काकू सांगतात (मी आधीच उतरते, नेहमीचंच). पण हळदीच्या नंतरच्या सोमवारी तिने नाव लिहिलं नाही. चाळीस सेकंदांचं ध्वनिमुद्रण आलं. तिची आत्या धवलारीण आहे. आगऱ्यांच्या लग्नात हळद, मांडव असे विधी होत जातात तशी ही बाई धवले म्हणते, तोंडपाठ, वाद्य नाही काही नाही. मागे भांड्यांचा आवाज, एक पोर रडतंय, आणि त्यातून तो सरळ, न सजवलेला म्हातारा आवाज. शब्द मला निम्मे कळले. ठाणे ते कोपरखैरणे वीसेक मिनिटांत मी ते सलग ऐकत राहिले आणि गाडीतून उतरल्यावर रिक्षा न करता थोडी चालले.

मी विचारलं, ‘हे कुठे मिळेल? ॲपवर?’ दिघा म्हणाली, ‘कुठे मिळणार? आत्याकडे.’ आधी आत्याला विचारूनच तिने पाठवलं होतं. आत्याचं म्हणणं, ‘लगनाचा गाना हाय त्यो, सोमवारचा नाय.’ तरी भाचीसाठी हो म्हणाली, एवढ्या अटीवर की पुढे कोणाला द्यायचं नाही. आम्ही दिलेलं नाही. एकतीस गाण्यांतलं पहिलं कुठलं असं विचारलं तर मी हेच सांगेन, आणि तुम्हाला ऐकवू शकणार नाही.

तोटेही लिहायला हवेत. तुम्ही मनापासून गाणं द्यावं आणि समोरून एक अंगठा यावा, यासारखी चिडचिड नाही. रबाळेने लग्नाच्या आनंदात कबूल केलं की चार गाणी तिने ऐकलीच नव्हती, नुसते बदाम पाठवले होते. त्यातलं एक माझं होतं. पाळीचंही ओझं होतं. दोन सोमवार माझ्यामुळे बुडाले, कारण रविवारी रात्रीपर्यंत गाणं सुचेना आणि काहीही टाकायला मन तयार होईना. आणखी एक: इतरांची गाणी शोधून ऐकल्यामुळे माझं ॲप आता पार गोंधळलंय. सकाळी अभंग सुचवतं, त्याच्या खाली हळदीचा डीजे, त्याच्या खाली नवऱ्यावर रागावून भांडी घासायचं गाणं.

सोमवार उजळतो का? खरं सांगायचं तर कोपरखैरणेपर्यंत. साडेदहाची मीटिंग जशी होती तशीच आहे. फरक पडला तो रविवारी संध्याकाळी, याची मला अपेक्षा नव्हती. आधी पाच वाजले की पोटात गोळा यायचा. आता माझी पाळी असेल तर दुपारपासून जुनी गाणी काढून बसते आणि पाळी दुसरीची असेल तर काय येईल याचा अंदाज बांधते. तारे द्यायचे तर चार. पाचवा त्या न ऐकता पाठवलेल्या बदामाला कापला.

कोणी सुरू करणार असेल तर पाच-सहा जणींच्या वर जाऊ नका. आमच्याकडे मध्यंतरी अख्खा डबा यायला तयार होता. काकूंनी सरळ नाही म्हटलं, पाळी वर्षाने येईल म्हणून.

येत्या सोमवारी पाळी काकूंची आहे. इअरफोनचा डावा कान गेल्या गुरुवारपासून गेलाय, दोघींना पुरत नाही. ठाण्याला पुलाखाली बघते उद्या. वायरवालाच घेणार.