अग्निशमन केंद्रातील चार वायूंचा मीटर: एमएसए अल्टेअर ४एक्सआर

एमएसए कंपनीचा अल्टेअर ४एक्सआर हा चार वायू मोजणारा मीटर औद्योगिक वसाहतीतील आमच्या अग्निशमन केंद्रात पाळीच्या नेहमीच्या सामानात आहे. असा मीटर घेण्याच्या विचारात असलेल्या नगरपालिका, कारखाने आणि बचाव पथके यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. मीटर मजबूत आहे, झटपट प्रतिसाद देतो आणि हातमोजे न काढता वापरता येतो. तरीही ज्या केंद्राला त्याला रोज टेस्ट गॅस (चाचणीसाठीचा ज्ञात प्रमाणाचा वायू) दाखवण्याची शिस्त लावता येणार नाही, त्या केंद्राने तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मीटर नसलेला जवान बीए सेटचा (पाठीवरच्या श्वसनयंत्राचा) मुखवटा काढायला धजत नाही. छातीवर चुकीचे शून्य दाखवणारा मीटर असलेला जवान मात्र तो निर्धास्तपणे काढतो.

या चार वायूंपैकी कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो हवेपेक्षा किंचित हलका असल्याने खोलीभर सहज मिसळतो. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. मुंबईतील कमला मिल येथील २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांतील अनेकांचा जीव भाजून नव्हे, तर गुदमरून गेला, हे आमच्या क्षेत्रातील प्रत्येकाच्या लक्षात आहे. जवानांना मोठा धोका असतो तो ज्वाळा विझल्यानंतर. धूर निवळलेला दिसतो, उकाडा असह्य झालेला असतो, ढिगारा उपसून धुमसणारे लाकूड आणि कापूस शोधायचा असतो आणि मुखवटा काढण्याचा मोह होतो. धुमसणारी वस्तू अपुऱ्या हवेत जळत असल्याने ती याच वेळी भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडत असते.

या कामासाठी मीटरची मोजण्याची मर्यादा ० ते १,९९९ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे भाग) आहे. जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी १,२०० पीपीएम असल्याने ही मर्यादा पुरेशी आहे. कंपनीकडून मीटर येतो तेव्हा पहिला इशारा २५ आणि दुसरा १०० पीपीएमला वाजतो. अमेरिकेतील अनेक अग्निशमन दले मुखवटा काढण्यासाठी ३५ पीपीएमची सीमा पाळतात. मला २५ चा आकडाच योग्य वाटतो, कारण इशारा थोडा लवकर वाजल्याने कुणाचे नुकसान होत नाही. कार्बन मोनॉक्साइडसोबत ऑक्सिजन, ज्वलनशील वायू आणि हायड्रोजन सल्फाइडही हा मीटर मोजतो. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड यांचा सेन्सर एकच आहे, त्यामुळे तो बदलावा लागला की दोन्ही एकदमच बदलतात.

एक गोष्ट येथे ठासून सांगितली पाहिजे. जळालेला फोम, लोकर आणि प्लास्टिक यांतून निघणारा हायड्रोजन सायनाइड हा मीटर ओळखत नाही. गाद्या आणि सोफे जळालेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा आकडा शून्यावर आला, तरी तेवढ्यावरून हवा श्वासायोग्य ठरत नाही, आणि मुखवटा काढण्याचा निर्णय घेणाऱ्या तांडेलाला (जवानांच्या तुकडीप्रमुखाला) हे माहीत असायलाच हवे.

वापरातील अनुभव समाधानकारक आहे. इशाऱ्याचा आवाज ९५ डेसिबलचा आहे, सोबत लखलखणारे दिवे आणि थरथराट आहे. पंपाच्या घरघरीत आवाज हरवला तरी थरथराट अंगाला जाणवतो. ३० सेकंद हालचाल झाली नाही तर मीटर आपोआप ओरडू लागतो, आणि एकट्याने आत शिरलेला जवान कोसळल्यास या सोयीचे मोल कळते. एकदा भारित केला की तो सुमारे २४ तास चालतो, म्हणजे लांबलेली पाळीही निभावून जाते. तो छातीवर, कोटाच्या बाहेर लावावा. खिशात ठेवल्यास सेन्सरची छिद्रे झाकली जातात आणि दिसणारा आकडा खिशातल्या हवेचा असतो.

बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू असताना कुणी बेशुद्ध पडल्याची वर्दी हिवाळ्यात येते, तेव्हा छातीवरचा मीटर सर्वांत आधी उपयोगी पडतो, कारण अशी वर्दी बहुधा चक्कर किंवा हृदयविकार म्हणून दिलेली असते. घरच्यांनी दार उघडून हवा खेळती केली असली, तरी आत शिरताना उरलेला वायू मीटर पकडू शकतो आणि सर्वाधिक नोंदलेला आकडा नंतर पडद्यावर पाहता येतो. तो आकडा १०८ च्या डॉक्टरांना न चुकता सांगावा. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन ओळखू शकत नाही आणि विषबाधा झालेल्या माणसाचाही ऑक्सिजन ठीक असल्याचे दाखवते.

आता देखभालीविषयी, आणि हा भाग मी मुद्दाम विस्ताराने लिहीत आहे. कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर विद्युत-रासायनिक असतो: छिद्रांतून आत आलेला वायू एका इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकृत होतो आणि त्यातून निर्माण होणारा अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह मीटर आकड्यात दाखवतो. वायू आतच पोहोचला नाही तर प्रवाह नाही, आणि प्रवाह नाही तर पडद्यावर शून्य. काजळी, चिखल किंवा पाण्याने चाळणी बुजलेला मीटर व्यवस्थित सुरू होतो, त्याचा हिरवा दिवा लुकलुकतो, बॅटरी भरलेली दिसते, आणि तरीही तो विषारी हवेत शून्यच दाखवतो. ही खोट ओळखण्याचा एकच मार्ग आहे: ज्ञात प्रमाणाचा वायू त्याला दाखवायचा आणि तो प्रतिसाद देतो की नाही हे पाहायचे. यालाच बंप टेस्ट म्हणतात.

कंपनीच्या मिश्रणात ६० पीपीएम कार्बन मोनॉक्साइड, २० पीपीएम हायड्रोजन सल्फाइड, १.४५ टक्के मिथेन आणि १५ टक्के ऑक्सिजन असतो. सेन्सर १५ सेकंदांच्या आत प्रतिसाद देतो. चाचणी यशस्वी झाली की पडद्यावर बरोबरची खूण उमटते आणि ती २४ तास राहते. माझ्या मते या मीटरची सर्वांत मोलाची सोय हीच आहे, कारण पाळी बदलताना हजेरी घेणाऱ्या अधिकाऱ्याला कोणतीही वही न उघडता मीटरची अवस्था कळते. खूण नसलेला मीटर बंबावर चढवायचा नाही, एवढा एक नियम केंद्रात पाळला गेला पाहिजे. खर्चाची सबब येथे टिकत नाही. ५८ लिटरच्या बाटलीतून मिनिटाला पाव लिटर वायू सुटतो, म्हणजे एक बाटली २३२ मिनिटे पुरते, आणि एका चाचणीला अर्धे मिनिटही लागत नाही.

चाचणीत मीटर नापास झाला तर कॅलिब्रेशन करावे, म्हणजे ज्ञात वायूवर त्याचा आकडा जुळवून घ्यावा, आणि त्यातही जमले नाही तर सेन्सर बदलावा. कॅलिब्रेशनआधी मीटर स्वच्छ हवेत शून्यावर आणला जातो, आणि नेमकी इथे जागेची निवड महत्त्वाची ठरते. बंबाचे डिझेल इंजिन सुरू असलेल्या शेडमध्ये हे केले, तर त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडलाच मीटर शून्य समजतो आणि पुढे प्रत्येक वर्दीवर कमी आकडा दाखवतो. हे काम इंजिनापासून दूर, मोकळ्या आवारात करावे.

साफसफाईला ओलसर फडके पुरते. सॅनिटायझरमधील अल्कोहोलमुळे कार्बन मोनॉक्साइडचा आकडा खोटा वर जातो, आणि बंब चमकवण्याच्या सिलिकॉनयुक्त पॉलिशची वाफ ज्वलनशील वायूचा सेन्सर कायमचा निकामी करू शकते. मीटर आणि पॉलिशचा डबा एका कपाटात राहता कामा नये.

खोट्या आकड्यांचे आणखी दोन प्रसंग जवानांना शिकवावे लागतात. भारित होत असलेल्या लेड-ॲसिड बॅटऱ्या हायड्रोजन सोडतात आणि कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर त्यालाही प्रतिसाद देतो. केळी आणि आंबे पिकवण्याच्या खोल्यांमधील इथिलीनही तसाच परिणाम करते. अशा ठिकाणी मीटर बिघडला असे ठरवून तो बंद करू नये. आकडा खरा मानून मुखवटा ठेवावा आणि कारणाचा शोध नंतर घ्यावा.

उणिवांपैकी मोठी उणीव एकच आहे: या मीटरला स्वतःचा पंप नाही. मॅनहोल, टाक्या आणि विहिरी यांच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरांतील हवा माणूस उतरण्यापूर्वी तपासायला हवी. हा मीटर दोरीला बांधून सोडला तर इशारा ऐकू येतो आणि कमाल आकडा वर काढल्यावर वाचता येतो, परंतु कोणत्या खोलीवर किती वायू आहे हे त्या क्षणी कळत नाही. महाराष्ट्रात गटारात गुदमरून सफाई कामगारांचे मृत्यू अजूनही होत असताना ही तडजोड मला मान्य नाही. अशा वर्दींसाठी त्याच कंपनीचा अंतर्गत पंप असलेला अल्टेअर ५एक्स किंवा स्वतंत्र पंप घ्यावा. ज्यांच्याकडे मुख्यतः इमारतींच्या आगी आणि घरगुती गळतीच्या वर्दी येतात, त्यांना ४एक्सआर पुरेसा आहे.

मीटरवर चार वर्षांची हमी आहे आणि सेन्सरचे आयुष्य संपत आल्याची सूचना तो स्वतः देतो. निविदा काढताना मीटरसोबत टेस्ट गॅसची बाटली, रेग्युलेटर, नळी आणि सुटे सेन्सर एकाच यादीत मागावेत. मीटरची संख्या जास्त असल्यास चाचणीची नोंद आपोआप ठेवणारे गॅलेक्सी जीएक्स२ स्थानकही मागावे. बाटली स्वीकारताना मुदत तपासावी, कारण हायड्रोजन सल्फाइड असलेल्या मिश्रणाचे प्रमाण कालांतराने घटते आणि मुदत संपलेल्या वायूवर केलेले कॅलिब्रेशन ग्राह्य धरता येत नाही.