हरकत पाठवावी की साक्षीला जावे? अपघात-नुकसानभरपाई कायद्यातील बदलांसाठी दोन वाटा

कामावरील अपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदा बदलत असताना आपले म्हणणे नेमके कोठे मांडावे, हा प्रश्न लहान कामगार संघटनेपुढे हमखास येतो, कारण माणसे मोजकी असतात आणि पैसा त्याहून कमी. वाटा दोन आहेत. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे असताना निवेदन देऊन, बोलावणे आल्यास साक्षीला जाणे, ही एक. आणि नियमांचा मसुदा राजपत्रात आल्यावर मुदतीत हरकती व सूचना पाठवणे, ही दुसरी.

समितीची वाट जुनी आहे. 1923 च्या मूळ कायद्याआधी भारत सरकारने जुलै 1921 मध्ये प्रांतिक सरकारांना लिहून आपली तात्पुरती मते जाहीर केली होती, आणि जून 1922 मध्ये बसलेल्या समितीने आलेले अभिप्राय विचारात घेऊनच तपशीलवार शिफारशी केल्या. अलीकडे, 1923 च्या कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेचे पहिले विधेयक 11 डिसेंबर 2019 रोजी लोकसभेत मांडले गेले, ते श्रमविषयक स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल जुलै 2020 अखेर आला, आणि सप्टेंबरात नवे विधेयक मांडून त्याच महिन्यात मंजूरही झाले. या वाटेची ताकद अशी की येथे कलमच बदलता येते. घर ते कारखाना या प्रवासातील अपघात, त्याचा कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, संहितेने नुकसानभरपाईत धरला आहे. असा बदल कोणत्याही नियमाने झाला नसता. मात्र संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असल्याने ही खिडकी आता दुरुस्ती विधेयक येईपर्यंत बंद आहे.

मसुद्याची वाट स्वस्त आहे. केंद्राने 13 नोव्हेंबर 2020 रोजी नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला तेव्हा हरकतींसाठी 45 दिवस दिले होते. दिल्लीला जाण्याची गरज नव्हती. येथे अर्जाचा नमुना, नोटिशीची पद्धत, रक्कम जमा करण्याची रीत असे विषय येतात, आणि पॉवर प्रेसवर बोटे गमावलेल्या माणसाला रोज अडवणारे विषय बहुधा हेच असतात. पानभर संताप पाठवण्यापेक्षा नियम क्रमांक, सध्याचे शब्द, सुचवलेले शब्द आणि कारण असा चार रकान्यांचा तक्ता पाठवावा. तो वाचला जाण्याची शक्यता अधिक. कलमाच्या पलीकडे मात्र नियम जाऊ शकत नाही, तेव्हा कलमाविरुद्धची तक्रार येथे लिहिणे म्हणजे टपालखर्च वाया घालवणे.

पण सर्वांत मोठा आकडा या दोन्ही वाटांच्या बाहेर ठरतो. मृत्यूची भरपाई म्हणजे मासिक वेतनाच्या निम्म्याला वयानुसारच्या गुणकाने गुणून येणारी रक्कम, आणि हिशेबासाठी धरायचे कमाल वेतन केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवते. 2010 मध्ये ते 8,000 रुपये झाले, ते 15,000 व्हायला जानेवारी 2020 उजाडले. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक 207.98 आहे. त्याचा पगार 24,000 असला तरी हिशेब 15,000 वर होतो, म्हणजे 7,500 गुणिले 207.98, एकूण 15,59,850 रुपये. खरा पगार धरला असता तर 24,95,760 रुपये झाले असते. नऊ लाखांहून अधिक रकमेचा हा फरक घडवणाऱ्या अधिसूचनेसाठी आधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवण्याचे बंधन 1923 च्या कायद्यात नव्हते, आणि संहितेनेही हा अधिकार अधिसूचनेवरच ठेवला आहे.

त्यामुळे आज निवड करायची झाल्यास मी मसुद्याची वाट धरेन, पण सगळी शक्ती तेथे घालणार नाही. नियमांवरील तक्ता मुदतीत पाठवावा, आणि वरच्यासारखा हिशेब आपल्या तीन-चार सभासदांच्या पगारपत्रकांवरून, नावे गाळून, स्वतंत्र निवेदनाने केंद्रीय श्रम मंत्रालयाला व आपल्या खासदाराला द्यावा. या निवेदनाला कोणतीही मुदत नसते, म्हणून ते दरवर्षी नव्या आकड्यांसह पुन्हा देता येते.