मधुमेह आणि तीन नसांत ब्लॉकेज: स्टेंट की बायपास?

अँजिओग्राफी सुरू असतानाच कॅथलॅबमधून डॉक्टर बाहेर येतात. 'हृदयाच्या तिन्ही नसांत ब्लॉकेज आहेत, आत्ताच स्टेंट टाकून घ्यायचे का?' घरची मंडळी एकमेकांकडे बघतात आणि कुणीतरी सही करून टाकतं. स्टेंट म्हणजे नस आतून उघडी ठेवणारी बारीक जाळी, तर बायपास म्हणजे छाती उघडून ब्लॉकेजला वळसा घालणारी रक्ताची नवी वाट जोडणं. हा आढावा त्या सहीच्या आधी वाचायचा आहे. तोही फक्त अशांसाठी, ज्यांना मधुमेह आहे, एकाहून जास्त नसा अरुंद झाल्या आहेत, जिना चढताना छाती भरून येते, पण बाकी तब्येत स्थिर आहे. अटॅक सुरू असेल तर तुलना करत बसायचं नाही. नस तातडीने उघडायची.

आधी घाईचं बघू. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासात 37 देशांतले 5,179 स्थिर पेशंट होते. काहींवर सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास, तर बाकीच्यांना आधी फक्त औषधं. तीनेक वर्षांत मृत्यू आणि अटॅक यांत दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. छातीत वारंवार दुखत होतं त्यांना मात्र प्रोसिजरनंतर जास्त आराम पडला. डावी मुख्य नस अरुंद असलेले आणि हृदयाचं पंपिंग फारच कमी झालेले पेशंट या अभ्यासात नव्हते, त्यांनी यावर विसंबू नये. बाकीच्यांना विचार करायला थोडे दिवस सहसा मिळतात. 'आज नाही केलं तर काही खरं नाही' असं कुणी म्हणालं, तर नेमकं का ते विचारा.

आता मुख्य मुद्दा. मधुमेह आणि एकाहून जास्त नसांत ब्लॉकेज असलेल्या 1,900 जणांवर 'फ्रीडम' अभ्यास झाला, 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत स्टेंटवाल्यांपैकी 16.3 टक्के दगावले, बायपासवाल्यांपैकी 10.9 टक्के. अटॅक 13.9 विरुद्ध 6 टक्के. पक्षाघाताचं पारडं मात्र उलटं: स्टेंटमध्ये 2.4, बायपासमध्ये 5.2 टक्के. हा धोका खरा आहे, सर्जनशी त्याबद्दल मोकळेपणाने बोला.

एवढा फरक का पडतो? स्टेंट आज दिसणारा अरुंद भाग उघडतो. मधुमेहात आजार त्या एका जागेपुरता नसतो, नसभर पसरलेला असतो, आणि उद्याचं ब्लॉकेज स्टेंटच्या अलीकडे-पलीकडे होऊ शकतं. बायपासची नवी वाट ब्लॉकेजच्या बरीच पुढे जोडतात, त्यामुळे मागच्या भागात नंतर काही साचलं तरी रक्त पोचत राहतं. त्यातही छातीच्या आतली डावी धमनी हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या नसेला जोडली असेल, तर ती जोडणी दहा वर्षांनंतरही बहुतेकांची चालू असते. पायातून काढलेल्या शिरा तितक्या टिकत नाहीत.

मग स्टेंटची ओढ का? कारण दोन दिवसांत घरी. मुंबईत याचं वजन मोठं आहे. बायपासनंतर साधारण आठवडाभर हॉस्पिटल, आणि छातीचं हाड जुळेपर्यंत दीड-दोन महिने, कधी तीन, जड उचलायचं नाही, हातांनी जोर लावून ओढायचं नाही. म्हणजे गर्दीच्या लोकलमध्ये दांडी धरून चढणं बंद. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर घर असेल, तर पाण्याच्या बादलीपासून सगळ्याची सोय आधी लावावी लागते. जिने चढायला हरकत नसते, पण डॉक्टरांना विचारून, सावकाश. रोजंदारीवर किंवा रिक्षा-टॅक्सीवर घर चालत असेल तर ही दोन-तीन महिन्यांची बुडालेली कमाई हीच बायपासची खरी किंमत. माझ्या मते, कमावतं माणूस पन्नाशी-साठीतलं असेल आणि बाकी शरीर धडधाकट असेल, तर ती मोजावी. वय फार झालेलं, फुफ्फुसं कमकुवत, शरीर खंगलेलं असेल, तर मात्र स्टेंटकडे झुकणंच शहाणपणाचं.

पैशांचं थोडक्यात. फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत सुमारे 30 हजारांवर आणली. पण बिलात स्टेंट एकटा नसतो, म्हणून पूर्ण पॅकेज लेखी मागा. राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दोन्ही उपचार बसतात. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, रेशन कार्ड घेऊन त्याला गाठा. मुंबईतल्या केईएम, जे.जे.सारख्या सार्वजनिक हॉस्पिटलांत खर्च कमी, पण थांबावं लागण्याची तयारी ठेवा.

स्टेंट घेतलात तर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण सहा महिने ते वर्षभर चालतात. दात काढायचाय म्हणून डेंटिस्टच्या सांगण्यावरून त्या परस्पर बंद करू नका, आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. कोलेस्टेरॉलची गोळी, साखर-बीपीवर ताबा आणि तंबाखू-मिश्री सोडणं, हे दोन्हीकडे सारखंच.

अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांचं मत तुम्हाला कळलेलंच असतं. तीच सीडी एका हार्ट सर्जनलाही दाखवा, आणि त्यांना एवढंच विचारा: 'या माणसाला तुम्ही बायपास नको म्हणाल का, आणि म्हणाल तर कशामुळे?'