नॉमिनी की उत्तराधिकार प्रमाणपत्र?

बाबांच्या दोन एफडी होत्या. एकीवर आईचं नॉमिनेशन, दुसरीवर कुणाचंच नाही. पहिलीसाठी मृत्यूचा दाखला, आईची ओळखपत्रं आणि क्लेम फॉर्म पुरला. दुसरीची रक्कम मोठी, म्हणून बँकेने उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे मृताचे पैसे कोणी घ्यायचे हे ठरवणारा न्यायालयाचा दाखला, मागितलं. मग सिव्हिल लाइन्सचं न्यायालय, वकील, जाहीर नोटीस, हरकतींसाठी थांबणं आणि रकमेच्या हिशेबाने कोर्ट फी.

आपसात वाद नसेल तर मी नॉमिनीचाच रस्ता सांगेन. पण नॉमिनी म्हणजे मालक, हा गैरसमज घरं फोडतो. बँकेतला नॉमिनी पैसे फक्त स्वीकारतो, हक्क वारसांचाच. शेअरबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हेच सांगितलं. (विम्यात मात्र २०१५ पासून पती-पत्नी, मुलं, आईवडील नॉमिनी असतील तर रक्कम सहसा त्यांचीच.) भावंडांत कुरबुर असेल तर प्रमाणपत्रच काढा, उशीर सोसा.

घराला मात्र हे प्रमाणपत्र चालत नाही. १९२५ च्या कायद्यातलं हे प्रमाणपत्र येणी (जसं बँकेतली ठेव) आणि रोखे (जसे शेअर) यांच्यापुरतं आहे. शहरातल्या जागेची वारस नोंद सिटी सर्व्हे (नगर भूमापन) कार्यालयात, गावाकडच्या शेताची तलाठ्याकडे, तीन महिन्यांच्या आत.