मुंबईत यॉट ठेवायची कुठे: गेटवेचा बोया, मांडवा की थेट कोची?

एका मित्राने 28 फुटी शिडाची बोट घ्यायचं ठरवलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "मरीना, म्हणजे हौशी बोटी उभ्या करायचा धक्का, कुठली बरी?" त्याच्या डोळ्यांसमोर दुबईचे फोटो होते. मुंबईत बहुतेकांच्या वाट्याला मरीना नाही, बोया येतो, म्हणजे तळाशी साखळीने जखडलेला तरंगता गोळा. बोट गेटवेसमोर पाण्यात साखळीला बांधलेली आणि आपण काठावर. म्हणून खरी निवड तीन जागांत आहे. दर काय, याआधी दोन गोष्टी बघायच्या: भरती-ओहोटी आणि पावसाळा.

मुंबईच्या पाण्याची चढउतार उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीला, साडेचार मीटरच्या आसपास जाते, म्हणजे दीड मजला. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला साधारण सहा, पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या सुमारास. याचा अर्थ मोठ्या उधाणाच्या दिवशी संध्याकाळी सहाला पाणी पार तळाला गेलेलं असतं आणि हौशी माणूस नेमका सूर्यास्ताला परततो. मग गेटवेच्या हिरव्या, बुळबुळीत पायऱ्यांवर एका हातात आइसबॉक्स, दुसऱ्या हातात चपला अशी कसरत. घरच्यांना पहिल्यांदा नेणार असाल तर पंचांग बघून न्या.

गेटवेच्या बाजूने बोलायचं तर जवळिकीला तोड नाही. दक्षिण मुंबईत राहणारा माणूस ऑफिस सुटल्यावर तासाभरात शीड उभारू शकतो. रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 पासूनचा, त्यामुळे इथे बोटीची कामं जाणणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण हे धावतं बंदर आहे. एलिफंटाच्या लाँच, नौदलाच्या बोटी, पलीकडे न्हावा-शेवाकडे जाणारी कंटेनर जहाजं, जवाहर द्वीपाचे टँकर. दिवसभर लाटा आपटत राहतात आणि बोट कधी स्वस्थ उभी म्हणून राहत नाही. दोर घासून झिजतात. शिवाय बोयाचं भाडं कमी दिसतं ते फसवं असतं. बोटीपर्यंत नेणाऱ्या होडीचे पैसे, खलाशाचा पगार, आणि आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, आली की क्रेनने उचलून बोट काठावर ठेवायचा खर्च, हे सगळं जोडून बघा. ऑक्टोबर ते मे हाच हंगाम धरा. मे महिन्यावरही फार विसंबू नका. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्यात वाऱ्याने ताशी शंभर किलोमीटर ओलांडले होते. तेव्हापासून मी बोट मेच्या पहिल्या आठवड्यातच वर घेतो.

बंदरापलीकडे अलिबागच्या बाजूला असलेलं मांडवा लोकांना आवडतं, कारण तिथे लाटरोधक बांध आहे आणि मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, चालते. गाडी घेऊन तासाभरात पोचता. अलिबागला घर असेल तर फार विचार करूच नका. नसेल तर बोटीकडे जाण्यासाठी आधी बोटीत बसायचं, हा उद्योग चौथ्या रविवारी नकोसा होतो. जेट्टीवर माणसं चढवणं-उतरवणं वेगळं आणि बोट मुक्कामाला ठेवणं वेगळं. मुक्कामाचं लेखी घ्या. बांध आहे म्हणून पावसाळा तिथेच काढू, असंही समजू नका. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं ते अलिबागच्या बाजूलाच.

पक्क्या धक्क्याबद्दल एक अनुभव. पहिल्या वर्षी एका खाडीत भर भरतीला बोट धक्क्याला आखूड दोरांनी बांधली आणि जेवायला गेलो. दोन तासांनी येऊन बघतो तर बोट दोरांना लटकलेली, दोर बांधायच्या एका खुंटीचे, क्लीटचे, स्क्रू निम्मे बाहेर. शेजारच्या कोळीदादांनी कोयत्याने दोर तोडला, वर चार शब्द सुनावले. पोंटून, म्हणजे तरंगता धक्का, पाण्याबरोबर वर-खाली होतो म्हणून मोलाचा, ते तेव्हा कळलं.

असा पोंटून कोचीत मिळतो. बोळगट्टी बेटावर, 1744 च्या डच वाड्याच्या आवारात, केरळ पर्यटन विकास महामंडळाची मरीना 2010 पासून आहे. जागा तीस-चाळीस बोटींची. भरती-ओहोटी जेमतेम मीटरभर, आणि बॅकवॉटरच्या आत असल्याने समुद्राची लाट पोचत नाही. बोटीला वीज-पाणी जागेवर. पाऊस मात्र मुंबईलाही लाजवेल असा, जलपर्णी वाहून येऊन इंजिनाच्या पाण्याच्या नळीत अडकते, आणि बॅकवॉटर म्हटलं की गाळ आलाच. बोटीची कील, म्हणजे तळाखालचा कणा, खोल असेल तर सांगितलेली खोली ओहोटीची की भरतीची, हे विचारा.

मुंबई-कोची अंतर सुमारे 580 सागरी मैल. पाच नॉट्सने, म्हणजे तासाला पाच सागरी मैल वेगाने, पाच दिवस. हिवाळ्यात जाताना वायव्येचा वारा पाठीशी असतो. येताना तोच तोंडावर, तेव्हा "दर महिन्याला जाऊन येऊ" हे स्वप्न गोव्यापर्यंतही टिकत नाही. लक्षद्वीपला जायचं असेल, परवाने काढायची चिकाटी असेल, किंवा बोटीवर महिनोन्‌महिने राहणार असाल, तरच कोची. नुसती बोट सुरक्षित ठेवायला तिकडे धाडली तर वर्षातून दोनदा विमानाने तिला भेटायला जाल.

मित्राला गेटवेच सांगितलं. तो फोर्टात काम करतो आणि बोट लहान आहे. फक्त आगाऊ रक्कम देण्याआधी पाणबुड्याला उतरवून साखळी वर काढायला सांग, म्हटलं. काढली. बोयाला ताजा केशरी रंग, आणि खाली तिसरी कडी झिजून बोटाएवढी झालेली. आता नवी साखळी कोणी घालायची यावर मित्राची आणि बोयावाल्याची बोलणी चालू आहेत.