आठ महिने सिक्वेन्सर वापरल्यावर: टबडक टबडक आणि बाकीचं

दिवाळीनंतर पुण्याहून जुनाच घेतलेला १६ स्टेपचा सिक्वेन्सर (ठरवलेल्या क्रमाने आवाज पुन्हापुन्हा वाजवणारं मशीन) आषाढ लागला तरी रोज हाताखाली आहे, म्हणून लिहितोय. मी डीजे नव्हे. वडगावात राहतो, भजनात तबला वाजवतो आणि वैशाखातल्या शिवजयंतीला आमच्या गल्लीच्या चित्ररथाचे आवाज तयार करतो.

पहिला महिना नुसता शब्दांशी भांडण्यात गेला. स्टेप म्हणजे एक खण. त्यात आवाज ठेवायचा, नाहीतर रिकामा सोडायचा. १६ खणांचा एक पॅटर्न, म्हणजे आपलं आवर्तन. इथवर सोपं. केरवा बसवायला घेतला आणि लय भलतीच पळू लागली. मशीन चार स्टेपला एक बीट धरतं. मी ८ मात्रा १६ खणांत बसवल्या, म्हणजे मात्रेला दोनच खण. त्यामुळे पडद्यावर बीपीएम, म्हणजे मिनिटाला बीट, ९० दिसतो तेव्हा माझ्या मात्रा मिनिटाला १८० होतात. हे कळेपर्यंत मशीन बिघडलंय असंच वाटत होतं. दादऱ्याला शेवटची स्टेप १२ वर आणायची, रूपकला १४ वर. झपतालाच्या १० मात्रांना २० खण लागतात, ते इथे नाहीत. १०-१० चे दोन पॅटर्न जोडून भागवतो.

क्वांटाइझ मात्र बंदच ठेवा. हाताने वाजवलेला ठोका ते जवळच्या खणात ओढून बसवतं, आणि ठेक्यातला झोल जातो. स्विंग थोडा कामाचा: जोडीतली दुसरी स्टेप जरा उशिरा पडते. ५० वर सरळ, ६६ च्या आसपास तिप्पट चालीचा डौल. भजनी ठेक्याला मला ५६ पुरे.

खरी वसुली झाली ती चित्ररथाच्या घोड्यांच्या टापांत. दोन करवंट्या फरशीवर आपटून, मोबाइलवर रेकॉर्ड करून सॅम्पल केलं, म्हणजे तो आवाज मशीनमध्ये घेतला. तीन खण भरले, चौथा रिकामा: टबडक. असं चारदा. पण सगळे ठोके एकाच जोराचे ठेवले तर घोडा नाही, टाइपरायटर धावतो. तिसऱ्या ठोक्याची व्हेलॉसिटी, म्हणजे जोर, वाढवली, पहिल्याचा पिच (सुराची उंची) किंचित खाली घेतला, तेव्हा कुठे घोड्याची नाल वाजल्यासारखं झालं. घोडदळ लांबून येताना दाखवायचं तर नुसता आवाज वाढवून भागत नाही. लो-पास फिल्टरचा कटऑफ, म्हणजे ज्याच्या वरचे सूर तो अडवतो ती हद्द, आधी खाली ठेवायचा, म्हणजे वरचे सूर अडतात आणि फक्त धप्‌धप् ऐकू येतं. मग तो हळूहळू उघडायचा. मंडळातले एक अण्णा ऐकून म्हणाले, "घोडं बरं आलंय की, खरं तलवार डब्यासारखी वाजतीय." तलवारीचा रिलीज, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, फार तोकडा होता, खण्ण झालं की लगेच तुटायचं. रिलीज वाढवला, झंकार मागे राहू लागला.

रिव्हर्ब आणि डिले मी बरेच दिवस एकच समजायचो. रिव्हर्ब म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यातला घुमारा. डिले म्हणजे घाटात हाक मारल्यावर वेगळी परत येणारी हाक. डिले लयीत बसवायचा तर ६०,००० ला बीपीएमने भागा, एका बीटचे मिलिसेकंद मिळतात. १२० ला ५००. मिरवणुकीत संवादांवर मात्र रिव्हर्ब घालू नका. दोन्हीकडच्या इमारती स्वतःच घुमवतात, त्यात आणखी घातलं की महाराज काय बोलले ते कुणालाच कळत नाही. यंदा पहिल्या वळणापर्यंत तसंच झालं, शिव्या मी खाल्ल्या.

तक्रारी दोन. जनरेटरवर अॅडॅप्टर लावला की घूंऽऽ सुरू होतं. सेलवर चालवलं की गुणगुण गायब, म्हणून मिरवणुकीला सेलच. जास्तीचा संच खिशात हवाच. दुसरं, पॅटर्न बदलताना सेव्ह केलं नसेल तर मशीन विचारत नाही, सरळ पुसून टाकतं. वीज कोसळण्याचा एक झकास आवाज असाच गेला.

सध्या शेजारच्या मागाची खटखट सॅम्पल करतोय. टॅप टेम्पोवर (लयीत बटण दाबलं की बीपीएम दाखवतो तो) मोजली तर १२८ भरते, पण धोटा अडकला की माग थांबतो, आणि मशीन आपलं चालूच.